घरचा गाल

बंदूक लांब टेबलावर आडवी पडली होती आणि घरातलं प्रत्येक माणूस तिच्यापासून चार हात लांब राहून तिच्याविषयीच बोलत होतं. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. म्हणजे आवाज खाली, पण त्याला ऐकू जाईल इतका वर.

दादा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत होता. कारखाना एवढासा. दर फेरीला त्याला शिकंज्याला वळसा घालावा लागे, आणि शिकंज्यापाशी धाकटा उभा असल्याने दर फेरीला दोघा भावांना एकमेकांकडे न बघण्याचे कष्ट पडत. धाकटा कानशीने एक पितळी पट्टी घासत होता. ती कालच घासून झाली होती. दादाची बायको, मोठी वहिनी, पर्स उघडत होती, आत बघत होती आणि मिटत होती. आई तेवढी खुर्चीत स्वस्थ होती, पण ते गुडघ्यांमुळे. मनाने तीही फेऱ्याच घालत असावी.

ताई मधली. मधल्या मुलाचं एक असतं. थोरल्याला वाटतं, ही धाकट्याच्या बाजूची. धाकट्याला वाटतं, ही थोरल्याच्या. आणि आईबापांना ती आहे हे ताटं मांडताना आठवतं. पेशाने ती दंतवैद्य. आज तिने दवाखान्याच्या दारावर ‘बंद’ अशी पाटी लावली होती, आणि दाढ काढायला आलेली माणसं ती वाचून दुखणं विसरून घरी गेली होती.

"ठमे, बस ना जरा," आई म्हणाली.

"बसलेच आहे, आई."

"मग पाय बसव."

ताईचा उजवा पाय जमिनीवर आपला आपण ठेका धरत होता. तिने गुडघ्यावर हात दाबून धरला, तेव्हा डावा सुरू झाला.

भानगड होती ती गालाची. बाबा ठासणीच्या बंदुका बनवत. चकमकीच्या, जुन्या धाटणीच्या. नळीच्या तोंडातून दारू घाला, वरून गोळी ठासा, चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडेल आणि देवाची इच्छा असेल तर बार उडेल. बाबांचं गिऱ्हाईक होतं ते त्यांच्या एका नियमामुळे. बंदूक दुसऱ्याच्या हातात जाण्याआधी तिचा पहिला बार घरच्या माणसाने काढायचा, लाकडी दस्त्याला स्वतःचा गाल लावून. ‘आपला गाल लावायची छाती नसेल तर दुसऱ्याच्या गालाला माल विकू नये,’ असं ते म्हणत. आधी दोरी बांधून, भिंतीआडून, दुप्पट दारूचा एक बार निघेच. पण तो नळीच्या परीक्षेचा. गालाचा बार तो घराच्या शब्दाचा.

बाबा थंडीत गेले. टेबलावरची बंदूक त्यांनी सुरू केलेली शेवटची. नळी त्यांनी घडवली, पण आतले आटे पाडले, ठिणगीची आग आत नेणारं बारीक भोक म्हणजे कान पाडला आणि दस्ता बसवला तो धाकट्याने, एकट्याने. आज दुपारी संग्रहालयाचे गृहस्थ ती न्यायला येणार होते. त्यांना आवडली तर दर रविवारी प्रेक्षकांपुढे बार काढणाऱ्या त्यांच्या अख्ख्या तुकडीचं काम या कारखान्याला मिळणार होतं. नाही आवडली, तर दादाने फरशीवाला बघून ठेवला होता. त्याला या जागेत फरश्या मांडायच्या होत्या. कागदावर तिघा भावंडांच्या सह्या लागत होत्या. दादा सही करायला तयार होता, धाकटा मेला तरी करणार नव्हता, आणि ताई मधली होती.

गाल कोण लावणार, हा प्रश्न असा सुटला होता की धाकट्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन अजून पट्टी सुटली नव्हती आणि डॉक्टरांनी त्याला शिंकायलासुद्धा मनाई केली होती. दादाला कुणी विचारलं नव्हतं, तरी त्याने उत्तर दिलं होतं.

"माझ्या गालाचा विमा नाही," तो म्हणाला होता. विमा विकण्यात त्याची हयात गेली होती. गावभरच्या हाता-पायांचे विमे त्याने उतरवले होते.

राहिली ताई. तिने आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. लहानपणी एकदा मागितली तेव्हा बाबा म्हणाले होते, "तुला दातांची डॉक्टर व्हायचंय ना? मग आधी स्वतःचे दात सांभाळ." ती दात सांभाळून होती.

दादाने तिला हाताला धरून बाहेर पिंपापाशी नेलं.

"ठमे, ऐक माझं. तू नको म्हण. एवढं एक वाक्य. कुणी तुला दोष देणार नाही."

"धाकटा देईल."

"तो माझ्यावर ढकलेल, नेहमीसारखं. मला सवय आहे." दादाने पिंपाच्या झाकणावर बोटं वाजवली. "अगं, एका डोळ्याने घासलेली नळी ती. तुझ्या तोंडाशी फुटली म्हणजे? तुला रोज लोकांच्या समोर तोंड घेऊन बसायचं असतं."

"मी त्यांच्या तोंडात बघते, दादा. माझ्याकडे कुणी बघत नाही. डोळे गच्च मिटलेले असतात."

"थट्टा नको करू."

"तुला ती फुटावी असं वाटतं का?"

दादा चिडला नाही, हेच तिला खुपलं. तो म्हणाला, "मला हे संपावं असं वाटतं. बस."

आत आली तर धाकट्याने तिला कानस दाखवून कोपऱ्यात बोलावलं.

"काय म्हणत होता?"

"हवा-पाण्याचं. दोरीचा बार काढलास ना?"

"काढला."

"दुप्पट दारू घालून?"

"ताई, तू मला दाढ काढताना भूल दिलीस का असं विचारलंय का मी कधी?"

"तू विचारतोस. दर वेळी विचारतोस. कुणी बघितला बार?"

"आईने ऐकला."

आई खुर्चीतून म्हणाली, "मला वाटलं दार आपटलं."

धाकटा खाली बघून पट्टी घासू लागला. ताईने पिशवीतून आपला छोटा आरसा काढला, दात बघायचा, आणि नळीच्या तोंडात धरून वाकून पाहिलं. आटे दिसले. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चकचकीत, वळत वळत अंधारात गेलेले. बोटभर खोलीच्या पुढे आरसा काही सांगेना. माणसाला निदान ‘आ’ करायला सांगता येतं, दुखतं का विचारता येतं. ही बया कायमची आ वासून होती आणि तिला काहीच दुखत नव्हतं.

सरळ उभी राहताना ताईच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडे बघताहेत. तेव्हा तिने पुन्हा वाकून, उगाचच, आणखी एकदा पाहिलं.

"मी काढते बार," ती म्हणाली. आवाज फार लहान आला, म्हणून घसा खाकरून परत म्हणाली.

संग्रहालयाचे गृहस्थ वेळेवर आले. पांढरे हातमोजे घातलेला, मृदू बोलणारा माणूस. सगळ्यांना नमस्कार करून त्यांनी बंदुकीलाही मान तुकवली. बाबांबद्दल दोन शब्द बोलले आणि विचारलं, "पहिला बार कोण काढणार? वडिलांचा नियम आम्हाला ठाऊक आहे. आमचे साहेब त्याशिवाय सही करणार नाहीत."

"आमची डॉक्टर," आई म्हणाली.

"अरे वा. पूर्वी कधी...?"

"दातांची," आई म्हणाली.

मागच्या अंगणात मातीचा उंच बांध होता आणि बांधासमोर चुन्याचं वर्तुळ काढलेली फळी. आईची खुर्ची भिंतीच्या कडेला मांडली. ताईने दवाखान्यातला चष्मा चढवला आणि कापसाच्या सुरळ्या वाटल्या. रुग्णाच्या गालात कोंबायच्या सुरळ्या सगळ्यांनी कानात कोंबल्या. त्याचा परिणाम असा झाला की जो तो ओरडून बोलू लागला, आणि या घराचं गुपित ठेवायचं बोलणं अंगणभर झालं.

ताईने नळी वर करून बंदूक उभी धरली. वजन हाताला लगेच कळलं. धाकट्याने घोडा अर्ध्यावर ठेवला आणि ठासायचा गज काढला. दादाचं काय झालं देव जाणे. लांब उभं राहायचं ठरवून आलेला माणूस पुढे आला आणि त्याने खिशात हात घालावा तसा गोळ्यांच्या डब्यात हात घातला. तेलकट चिंधी काढली, नळीच्या तोंडावर पसरली, वर गोळी ठेवली, अंगठ्याने दाबली. लहानपणी पहिल्या बाराच्या दिवशी हे त्याचं काम असे. बोटांना अजून पाठ होतं.

"बघा, विसरला नाहीये," धाकटा म्हणाला. हे तो कौतुकाने म्हणाला होता.

"विसरायला काय झालं," मोठी वहिनी कापसामुळे मोठ्यांदा म्हणाली. "फरशीवाल्याला परवा जागा दाखवताना हेच सगळं सांगत होते. इथे बाबा उभे राहायचे, इथे मी."

गज नळीच्या तोंडाशी थांबला.

"परवा?" धाकटा म्हणाला.

"नुसती दाखवली," दादा म्हणाला.

"परवा मी डोळा दाखवायला गेलो होतो."

"म्हणूनच तर," वहिनी म्हणाली आणि मग तिला कळलं की हे म्हणायचं नव्हतं.

"बाबांना जाऊन..." धाकट्याने गज नळीत घातला आणि खाली रेटला, "...एक हिवाळा झाला नाही..." पुन्हा रेटला, "...आणि तू माझ्या पाठीमागे..."

"तुझ्या पुढे केलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"गिऱ्हाईक समोर आहे," ताई म्हणाली.

"समोर आहे तेच बरं. कळू दे त्यांना." धाकट्याने गज उपसून जमिनीत रोवला. कानाशेजारच्या लहानशा पितळी वाटीत त्याने खिशातल्या डबीतून चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, ओतली, झाकण पाडलं, घोडा पूर्ण मागे ओढला. कामात चूक दिसत नव्हती. "गाल इथे. घट्ट. सैल ठेवलास तर मारेल. नळीच्या टोकाची माशी वर्तुळात धर, श्वास सोड, चाप हळू. ठिणगी दिसली तरी हलायचं नाही."

गृहस्थ हातमोज्यांकडे बघत उभे होते.

ताईने गाल लावला. लाकूड गार होतं आणि त्याला जवसाच्या तेलाचा वास होता. माशी वर्तुळावर येई आणि निघून जाई, तिच्या पायांसारखीच तिलाही एका जागी चैन पडेना. श्वास सोड म्हणाला होता. तिने धरून ठेवला. रोज लोकांना ती सांगते, घाबरू नका, काही कळणारसुद्धा नाही. हे वाक्य किती खोटं आहे हे तिला आज कळत होतं. तिने डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

खट्. फस्स. भुवईपाशी ऊन लागल्यासारखं झालं, नाकात झणझणीत धूर गेला आणि पुढे काहीच नाही.

"हलू नकोस," धाकटा म्हणाला. "नळी बांधाकडेच ठेव. आतमध्ये धुमसत असेल, उशिराने उडू शकते. गाल काढ, पण नळी हलवू नकोस. कुणी पुढे जाऊ नका."

ताई तशीच उभी. हात भरून आले. आता, आता, असं दर क्षणाला वाटे. आणि तिच्या पाठीमागे, तिला वळून बघता येत नसताना, तिचं घर निकालात निघत होतं.

"झालं तर मग," दादाचा आवाज. जिंकलेल्या माणसाचा नव्हता तो.

"कान चुकला," धाकट्याचा आवाज. "रंजक पेटली, आग आत गेलीच नाही. कान वर पाडला मी, दोरीचा बार नशिबाने उडाला. बाबांचा कधी चुकला नसता." मग, "विक, दादा. आण कागद. मला नाही जमायचं हे."

"असं काय करतोस?" दादा म्हणाला.

"तुला हवं तेच म्हणतोय."

"मला हवं ते मी म्हणेन, तू कशाला म्हणतोस? एक बार नाही उडाला म्हणून विक? बाबांचे काय सगळे उडायचे? त्या लांब नळीच्या वेळेला दिवसभर फुसफुसत होते की नाही, आई? संध्याकाळपर्यंत तोंड काळं झालं होतं त्यांचं."

"अहो," वहिनी म्हणाली, "तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

दादा जमिनीत रोवलेल्या गजाकडे बघू लागला. बहुधा त्याला माहीत नव्हतं.

"ठासताना गजावरची खूण बघितलीस?" त्याने धाकट्याला विचारलं. नळीत सगळं नीट भरलं की ती खूण बरोबर तोंडाशी येई.

"कशाला बघू? तू फरशीवाल्याला..."

"दारू कुणी घातली?" आईने विचारलं.

तिने ओरडून विचारलं नव्हतं, तरी कापसातून सगळ्यांना ऐकू आलं.

"मी गोळी दिली," दादा म्हणाला.

"मी गज मारला," धाकटा म्हणाला. "दारू तर..."

दारूचं शिंग भिंतीवरच्या खुंटीला लटकत होतं. तोंडाला बूच घट्ट.

"दारू ते घालायचे," आई म्हणाली.

इतकी वर्षं पहिल्या बाराच्या दिवशी बाबा मापाने दारू घालत, मग दादा गोळी देई, मग धाकटा गज मारी. आजही ज्याने त्याने आपापलं काम चोख केलं होतं. बाबांची जागा मध्ये तेवढी मोकळी राहिली होती, आणि ती मोकळी आहे हे भांडायच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मी आता हात खाली करू का?" ताई म्हणाली. "रडणार असाल तर आधी ही कुणीतरी धरा."

गृहस्थांनी चटकन पुढे होऊन बंदुकीला हात लावला. नळी बांधाकडेच ठेवली त्यांनी. तेवढं त्यांना कळत होतं.

कोरडी ठासलेली गोळी बाहेर काढायची युक्ती धाकट्याला माहीत होती. कानाच्या बारीक भोकातून कणाकणाने दारू आत सरकवायची आणि तेवढ्यावर गोळी उडवून द्यायची. पण एका डोळ्याने त्याचा नेम त्या भोकात बसेना. ताईने बंदूक टेबलावर आडवी घेतली, पिशवीतून तांब्याची बारीक सळई काढली आणि मान वाकवली. ज्या कामात हात स्थिर लागतो ते सुरू झालं की तिचे पाय आपोआप स्थिर होत. "जरा उजेड सोडा," ती म्हणाली, आणि दोघे भाऊ एकदम एकाच बाजूला सरकून एकमेकांवर आदळले.

मग बंदूक बाहेर नेऊन, बांधाकडे रोखून, ताईने गाल न लावताच चाप ओढला. या वेळी ‘फट्’ असा आवाज झाला. गोळी नळीतून निघाली ती बोराची बी थुंकावी तशी, आणि मध्येच कुठेतरी धुळीत पडली. गृहस्थ आधी हसले. मग आई हसली, मग वहिनी, आणि मग हसायचं की नाही हे न ठरवता दोघे भाऊही.

हसणं विरलं आणि शिंगाचा प्रश्न उरला.

दादाने खुंटीवरून ते काढलं. थोरला तो. धाकट्याने हात पुढे केला. कारखाना त्याचा. क्षणभर ते दोघांच्या हातात होतं, आणि मग दोघांनाही एकाच वेळी समंजसपणा सुचला.

"घे, तू घाल."

"नाही दादा, तूच."

"अरे, रोज इथे तू असतोस."

"मान तुझा आहे."

"मान गेला खड्ड्यात, तू घाल म्हणतो ना."

हे भांडण पहिल्यापेक्षा जास्त चालेल अशी चिन्हं दिसू लागली. ताईने शिंग काढून घेतलं.

"गाल माझा आहे," ती म्हणाली. "दारू मीच घालणार. माप किती ते सांगा आणि गप्प बसा."

धाकट्याने माप दाखवलं. तिने औषध मोजावं तसं काठोकाठ मोजून, डोळ्यांसमोर धरून, ते नळीत ओतलं. "घातली," ती सगळ्यांकडे बघून म्हणाली. "घातली ना? बघितली सगळ्यांनी?" माना डोलल्या. दादाने चिंधी आणि गोळी दिली. धाकट्याने गज मारला आणि या खेपेला गजावरची खूण नळीच्या तोंडाशी बरोबर आली ती बोट ठेवून दादाला दाखवली. दादाने वाकून पाहिली. रंजक, झाकण, घोडा.

ताईने गाल लावला. भीती होती तेवढीच होती. पण या खेपेला तिने डोळे उघडे ठेवले आणि श्वास सोडला.

ठिणगी तिने पाहिली. मग दस्त्याने खांद्याला असा धक्का दिला की ती पाऊलभर मागे गेली, आणि सगळं अंगण पांढऱ्या, सडक्या अंड्याच्या वासाच्या धुरात गडप झालं. कापूस असूनही कानात शिट्टी वाजू लागली. तिने आधी जिभेने दात मोजले. मग गाल चाचपला. सगळं जागच्या जागी होतं.

धूर सरला. फळी होती तशीच होती, वर्तुळ स्वच्छ. बांधावर पार एका बाजूला मातीचं एक ढेकूळ घरंगळत होतं.

"नेम...?" गृहस्थ अदबीने म्हणाले.

"नेम गिऱ्हाइकाचा," दादा आणि धाकटा एकदम म्हणाले, "बार घराचा."

गृहस्थांनी हातमोजे काढले, पहिल्यांदाच, आणि गरम नळीवरून उघडा तळवा फिरवला. "तुकडीच्या कामाचं साहेबांशी बोलतो," ते म्हणाले. "पण ही मी आज घेऊन जातो."

"अशी नाही न्यायची," आई म्हणाली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उठत होती. "दारूची काजळी आत राहिली तर सकाळपर्यंत गंज धरेल. उकळतं पाणी लागतं. नळी धुवायला."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या बारानंतर बंदूक आत जाई आणि लखलखीत होऊन बाहेर येई, एवढंच तिघांना माहीत होतं. ती कुणी धुतली हे आजवर एकानेही विचारलं नव्हतं.

"तू धूत होतीस?" धाकट्याने विचारलं.

"मग काय, बंदूक स्वतः अंघोळीला जायची?" आईने बाह्या वर केल्या. "थोरल्या, पाणी ठेव. धाकट्या, नळी सोडव दस्त्यातून. ठमे, तू ये इकडे, बघून ठेव. माझे गुडघे काही दर वेळी उठणार नाहीत."

ताई गेली. चेहरा अर्धा काळा, खांदा ठणकतोय, अशी ती आईशेजारी उकिडवी बसली. आईने तिच्या गालाकडे एकदा पाहिलं, पदराने पुसायला हात उचलला आणि न पुसताच खाली घेतला.

दादा मोठी किटली दोन्ही हातांनी धरून आतून येत होता तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. वहिनीने तो काढला, बघितला, आणि त्याच्या कानाला लावला.

"हं, बोला. हो, मीच," दादा म्हणाला. नळीच्या तोंडाशी धाकट्याने नरसाळं धरलं होतं. दादाने किटली तिरकी केली. कानाच्या भोकातून काळं पाणी पिचकारीसारखं उडालं आणि त्याच्या इस्त्रीच्या विजारीवर पडलं. तो हलला नाही. "नाही हो, संध्याकाळी नको. उद्या? उद्याही नको. अहो, राग कसला, पण तुम्ही दुसरी जागा बघा. आत्ता ठेवतो, माझ्या हातात गरम पाणी आहे."